स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची डोकेदुखी आणि चक्कर : कारणे, ओळख आणि काळजी

नवी दिल्ली : स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया झालेल्या ज्येष्ठ व्यक्तीने डोके दुखत असल्याची किंवा चक्कर येत असल्याची तक्रार केली, की घरात बहुधा दोनपैकी एक प्रतिक्रिया उमटते. ‘आजारच मेंदूचा, तेव्हा डोके दुखणारच’, असे म्हणून ती तक्रार मूळ आजाराच्या खात्यावर टाकली जाते. किंवा ‘त्यांना आता काही समजत नाही’, असे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. वैद्यकीयदृष्ट्या हे दोन्ही समज चुकीचे आहेत. स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार असलेल्या अल्झायमर आजारात डोकेदुखी किंवा चक्कर हे नेहमीचे लक्षण नाही. त्यामुळे ही तक्रार उद्भवली, तर तिचे वेगळे कारण शोधणे आवश्यक ठरते. रक्तदाबाची घसरण, औषधांचा दुष्परिणाम, शरीरातील पाणी किंवा साखर कमी होणे, कानाचा दोष, डोक्याला झालेली दुखापत अशी त्यातील अनेक कारणे वेळीच ओळखल्यास उपचारांनी दूर होऊ शकतात.

देशातील ज्येष्ठांच्या सर्वेक्षणावर आधारित आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, भारतात ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक आढळले. यांपैकी बहुतांश रुग्णांची देखभाल घरातच होते. पत्नी, मुलगी, सून किंवा मुलगा हेच त्यांचे परिचारक असतात. रुग्णाच्या वागण्यात कालपासून आज काय बदलले, हे सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येते. निदानाची पहिली पायरी म्हणूनच रुग्णालयाच्या नव्हे, तर घराच्या उंबरठ्यावर असते.

आजाराचा प्रकार महत्त्वाचा

स्मृतिभ्रंश हे एका आजाराचे नाव नाही. मेंदूच्या निरनिराळ्या विकारांमुळे स्मरणशक्ती, विचार, भाषा आणि दैनंदिन व्यवहार यांवर परिणाम होतो, तेव्हा त्या स्थितीला स्मृतिभ्रंश म्हणतात. डोकेदुखी व चक्कर यांचा या विकारांशी असलेला संबंध प्रकारानुसार बदलतो.

अल्झायमर आजारात हा संबंध बहुतेक वेळा अप्रत्यक्ष असतो. रुग्णाची औषधे, खाण्यापिण्यातील हयगय किंवा सोबतचे आजार त्याला कारणीभूत ठरतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारातून होणाऱ्या स्मृतिभ्रंशात मात्र चालण्यातील अस्थिरता व तोल जाणे आजाराचाच भाग असू शकतात, आणि अचानक आलेली चक्कर नव्या पक्षाघाताची सूचना देऊ शकते. लेवी बॉडी स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सन आजारातील स्मृतिभ्रंश यांत रक्तदाब, नाडी व घाम यांचे नियमन करणाऱ्या स्वायत्त मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. उभे राहताच रक्तदाब घसरणे, घेरी येणे, वारंवार पडणे ही लक्षणे या प्रकारांत ठळकपणे दिसतात. मेंदूतील पाण्याचे प्रमाण वाढणाऱ्या एका विकारात पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरील ताबा सुटणे आणि विस्मरण ही तीन लक्षणे एकत्र येतात. तो ओळखला गेल्यास शस्त्रक्रियेने सुधारणा होण्याची शक्यता असते.

म्हणून रुग्णाच्या कागदपत्रांत नुसते ‘डिमेन्शिया’ एवढेच लिहिलेले असेल, तर कुटुंबीयांनी डॉक्टरांना त्याचा प्रकार आवर्जून विचारावा. चक्कर येण्याचे कारण आणि कोणते औषध टाळावे, ही दोन्ही उत्तरे पुष्कळदा त्यावर अवलंबून असतात.

वेदना शब्दांत येत नाही तेव्हा

आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यात रुग्ण आपली वेदना सांगू शकतो. ‘आता डोके दुखते आहे का?’ असा वर्तमानकाळातील, हो-नाही एवढेच उत्तर मागणारा छोटा प्रश्न विचारल्यास मध्यम टप्प्यातील अनेक रुग्णही विश्वसनीय उत्तर देतात. ‘गेल्या आठवड्यात किती वेळा दुखले?’ या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडून अपेक्षिता येत नाही. प्रश्न विचारताना स्वतःच्या कपाळाला, मानेला हात लावून दाखवावा आणि उत्तरासाठी थोडा अधिक वेळ द्यावा.

प्रश्न कोणत्या भाषेत विचारला जातो, यालाही महत्त्व आहे. आजार वाढतो तशी उत्तरायुष्यात शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटू लागते आणि रुग्ण बालपणीच्या भाषेकडे वळतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद किंवा बंगळूरु येथे आयुष्य गेलेल्या मराठी ज्येष्ठांना स्थानिक डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने हिंदी, कन्नड वा इंग्रजीत विचारलेला प्रश्न कळला नाही, तर ‘काही त्रास नाही’ अशी नोंद होऊन जाते. तपासणीच्या वेळी मातृभाषेत बोलणारी घरातील व्यक्ती सोबत असणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

आजाराच्या पुढील टप्प्यात वेदना वागण्यातून व्यक्त होते. कपाळावर आठ्या, डोळे घट्ट मिटून घेणे, वारंवार डोक्याला हात लावणे, उजेड किंवा दूरचित्रवाणीचा आवाज नकोसा होणे, जेवण नाकारणे, केस विंचरू न देणे, कण्हणे, चिडणे, अंगावर हात टाकणे, रात्री झोप न लागणे, ही डोकेदुखीची लक्षणे असू शकतात. चक्कर येणारा रुग्ण अंथरुणातून उठण्यास नकार देतो, भिंतीचा वा फर्निचरचा आधार घेत चालतो, खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवतो, जिना पाहून थबकतो किंवा अंघोळीला जाण्यास घाबरतो. घरच्यांना तो हट्ट वाटतो. प्रत्यक्षात ती पडण्याची भीती असू शकते.

या निरीक्षणाला शास्त्रीय आधार देण्यासाठी मापनपट्ट्या तयार करण्यात आल्या आहेत. ‘पेनॅड’ या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनपट्टीत श्वासोच्छ्वास, तोंडातून निघणारे वेदनेचे आवाज, चेहऱ्यावरील भाव, शरीराची हालचाल आणि धीर दिल्यावर रुग्ण शांत होतो की नाही, या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देतात. एकूण गुण शून्य ते दहा यांच्या दरम्यान येतात. घरच्या घरीही या पाच बाबींकडे लक्ष ठेवता येते. नॉर्वेतील १८ शुश्रूषागृहांमधील ३५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेदनेवर पद्धतशीर उपचार केल्यानंतर स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांमधील अस्वस्थता व चिडचिड लक्षणीयरीत्या कमी झाल्याचे आढळले. ‘स्वभाव बिघडला’ असे ज्याला म्हटले जाते, त्यामागे काही वेळा अनुत्तरित राहिलेले दुखणे असते, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

‘चक्कर’ म्हणजे नेमके काय?

मराठीत चक्कर, भोवळ, घेरी, गरगरणे, तोल जाणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे अनेक शब्द आहेत, आणि त्यांच्या छटा वैद्यकीय निदानालाही उपयोगी पडतात. भोवतालचे सारे फिरत असल्याचा भास होत असेल, तर कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेत किंवा मेंदूच्या मागील भागात दोष असू शकतो. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर रक्तदाब किंवा हृदयाकडे लक्ष वेधले जाते. डोके शांत असून केवळ चालताना तोल जात असेल, तर पायांच्या नसा, सांधे, स्नायू, दृष्टी किंवा मूळ मेंदूविकार यांची तपासणी करावी लागते.

रुग्णाला ही छटा सांगता आली नाही, तर चक्कर केव्हा येते, यावरून अंदाज बांधता येतो. कूस बदलताना, झोपताना वा वर पाहताना काही सेकंदांसाठी येणारी चक्कर बहुधा कानातील सूक्ष्म स्फटिक जागेवरून सरकल्यामुळे येते. हा विकार त्रासदायक असला तरी घातक नसतो. प्रशिक्षित डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट डोक्याची विशिष्ट हालचाल करून हे स्फटिक पुन्हा योग्य जागी आणू शकतात. औषधाची गरज पुष्कळदा पडत नाही. अंथरुणातून किंवा भारतीय पद्धतीच्या शौचालयातून उठताना, पूजेनंतर जमिनीवरून उभे राहताना, गरम पाण्याने अंघोळ केल्यावर किंवा भरपेट जेवणानंतर तास-दोन तासांत येणारी चक्कर रक्तदाबाच्या घसरणीकडे निर्देश करते.

मानेच्या मणक्यांची झीज या वयात बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये दिसते. त्यामुळे केवळ त्या एक्स-रेच्या आधारे ‘चक्कर मानेमुळेच’ असा निष्कर्ष काढून अन्य तपासण्या थांबवणे योग्य नाही.

उभे राहताना घसरणारा रक्तदाब

ज्येष्ठांमधील चक्कर आणि पडणे यांचे हे एक महत्त्वाचे, तरीही वारंवार निसटणारे कारण आहे. दवाखान्यात रक्तदाब सहसा बसलेल्या स्थितीत मोजला जातो आणि तो सामान्य येतो. रुग्णाला पाच मिनिटे झोपवून रक्तदाब मोजावा, नंतर आधार देऊन उभे करावे आणि एक व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा आकडा १० किंवा त्याहून अधिक अंकांनी उतरला, तर उभे राहताना रक्तदाब घसरत असल्याचे निदान होते. घरातील डिजिटल यंत्रावरही ही नोंद करता येते. मात्र रुग्ण पडू नये म्हणून दोन व्यक्ती जवळ असाव्यात.

पाणी कमी पिणे हे या घसरणीचे सर्वांत साधे कारण आहे. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते. स्मृतिभ्रंशात पाणी प्यायचे राहून गेले, हेही आठवत नाही. लघवीसाठी उठावे लागू नये म्हणून काही जण पाणी टाळतात, तर काही घरांत कपडे ओले होण्याच्या भीतीने ते कमी दिले जाते. उन्हाळ्यात, जुलाब झाल्यावर किंवा तापात हा धोका वाढतो. शरीरातील पाणी कमी झाल्यास डोके दुखते, चक्कर येते आणि गोंधळही वाढतो.

उपवासाच्या दिवशी विशेष सावधगिरी आवश्यक असते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतले आणि पुरेसे खाल्ले नाही, तर रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. घाम, थरथर, डोकेदुखी, चक्कर, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे होत. ग्लुकोमीटरवर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली आढळल्यास आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असल्यास त्याला लगेच साखरपाणी द्यावे आणि डॉक्टरांशी संपर्क साधावा. शुद्ध हरपत असल्यास तोंडात काहीही घालू नये.

रक्तक्षय, रक्तातील सोडियम कमी होणे, थायरॉइडचे विकार, जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, हृदयाची अनियमित किंवा मंद गती, तसेच मूत्रमार्गाचा वा फुप्फुसाचा संसर्ग यांमुळेही चक्कर येऊ शकते. साध्या रक्त व लघवी तपासण्या आणि ईसीजी यांतून यांपैकी बरीच कारणे स्पष्ट होतात.

औषधांची पिशवी तपासण्याची गरज

स्मृतिभ्रंशासाठी दिली जाणारी औषधेही या तक्रारींना कारणीभूत ठरू शकतात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन व गॅलँटामिन यांमुळे काही रुग्णांत मळमळ, डोकेदुखी, चक्कर, वजन घटणे आणि हृदयाची गती मंदावणे असे परिणाम दिसतात. हृदयाची गती कमी करणारे अन्य औषध सोबत सुरू असल्यास घेरी येऊन पडण्याची शक्यता वाढते. मेमँटिन या औषधाच्या सामान्य दुष्परिणामांतही चक्कर व डोकेदुखी यांचा समावेश आहे. हे त्रास बहुधा औषध सुरू केल्यानंतर किंवा मात्रा वाढवल्यानंतर दिसतात. म्हणून ती तारीख लिहून ठेवावी. रिव्हास्टिग्मिनची त्वचेवर लावायची पट्टी वापरत असल्यास जुनी पट्टी काढल्याशिवाय नवी लावू नये. दोन पट्ट्या एकाच वेळी राहिल्यास औषधाची मात्रा धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

अल्झायमरवरील लेकॅनेमॅब व डोनॅनेमॅब ही नवी इंजेक्शने काही देशांत सुरुवातीच्या टप्प्यातील रुग्णांना दिली जातात. या उपचारांत मेंदूला सूज येण्याची किंवा सूक्ष्म रक्तस्राव होण्याची शक्यता असते. डोकेदुखी, चक्कर, वाढलेला गोंधळ ही त्याची लक्षणे असू शकतात. परदेशात असा उपचार घेऊन आलेल्या रुग्णाने ही माहिती येथील प्रत्येक डॉक्टरांना द्यावी.

अन्य आजारांची औषधेही पाहावी लागतात. उच्च रक्तदाब, प्रोस्टेट ग्रंथी, लघवी वाढवणे, झोप, नैराश्य यांसाठी दिलेल्या अनेक गोळ्या उभे राहताना रक्तदाब घसरवतात किंवा गुंगी आणतात. सर्दीच्या गोळ्यांमधील क्लोरफेनिरामाइन आणि डोकेदुखी वा झोपेसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन ही औषधे स्मरणशक्तीसाठी आवश्यक असलेल्या रासायनिक संदेशवाहकाच्या कार्यात अडथळा आणतात. त्यामुळे गोंधळ वाढतो, आणि स्मृतिभ्रंशावरील औषधाचा परिणामही कमी होतो.

चक्कर थांबवण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबाबतही हाच इशारा लागू होतो. सिनॅरिझिन, प्रोक्लोरपेराझिन आणि अर्धशिशीसाठी वापरले जाणारे फ्लुनॅरिझिन ही औषधे ज्येष्ठांनी दीर्घकाळ घेतल्यास हात थरथरणे, अंग ताठरणे, पाय घासत चालणे अशी पार्किन्सनसदृश लक्षणे निर्माण करू शकतात. चक्कर थांबावी म्हणून सुरू केलेली गोळी मग रुग्णाच्या पडण्याचे कारण बनते. लेवी बॉडी स्मृतिभ्रंशात प्रोक्लोरपेराझिनसारख्या औषधांचा परिणाम अत्यंत तीव्र होऊ शकतो. जुन्या चिठ्ठीवर औषधविक्रेत्याकडून परस्पर गोळ्या आणणे या रुग्णांसाठी धोक्याचे आहे.

घेतलेली गोळी विसरून रुग्ण ती पुन्हा घेतो, किंवा एकच औषध दोन निरनिराळ्या व्यापारी नावांनी घरात येते, असेही घडते. वार आणि वेळेनुसार कप्पे असलेला गोळ्यांचा डबा वापरावा व तो कुटुंबातील एका व्यक्तीच्या ताब्यात असावा. डॉक्टरांकडे जाताना आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि दुकानातून परस्पर आणलेल्या औषधांसह सर्व औषधे एका पिशवीत घालून न्यावीत. तथापि, दुष्परिणामाची शंका आली म्हणून कोणतेही औषध स्वतःहून एकाएकी बंद करू नये.

डोकेदुखीची साधी आणि गंभीर कारणे

चष्मा हरवणे किंवा दुसऱ्याचा चष्मा लावणे, कवळी नीट न बसणे, किडलेला दात, सायनसचा दाह, उशीमुळे अवघडलेली मान, अपुरी झोप ही डोकेदुखीची साधी कारणे होत. चहा-कॉफीची सवय अचानक तुटल्यासही डोके दुखते. वर्षानुवर्षे दिवसातून चार-पाच वेळा चहा घेणारी व्यक्ती मुलाच्या घरी राहायला गेली आणि तेथे चहा एकदम बंद झाला, तर एक-दोन दिवसांत डोकेदुखी सुरू होऊ शकते. ही सवय हळूहळू कमी करावी.

‘डोके दुखते म्हणजे रक्तदाब वाढला’ हा समजही सर्रास आढळतो. किंचित वाढलेल्या रक्तदाबामुळे सहसा डोके दुखत नाही. उलट वेदना व अस्वस्थता यांमुळे रक्तदाब तात्पुरता वाढू शकतो. अशा वेळी रक्तदाबाची जादा गोळी परस्पर दिल्यास नंतर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. मात्र, रक्तदाब १८०/१२० च्या पुढे असून सोबत तीव्र डोकेदुखी, छातीत दुखणे, दृष्टीत बदल किंवा वाढलेला गोंधळ असेल, तर ती तातडीची स्थिती समजावी.

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. कानशिलाजवळ दुखणे, तेथे हात लावू न देणे आणि चावताना जबडा दुखणे ही लक्षणे रक्तवाहिन्यांच्या एका दाहाची असू शकतात. भारतात तुलनेने कमी आढळणारा हा विकार उपचारांअभावी दृष्टी हिरावून घेऊ शकतो. लाल झालेला डोळा, उलट्या आणि तीव्र डोकेदुखी एकत्र आल्यास काचबिंदूच्या झटक्याची शक्यता असते.

पडल्यानंतरचे आठवडे महत्त्वाचे

स्मृतिभ्रंशात मेंदूचे आकारमान कमी होते. मेंदू व त्याचे आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा त्यामुळे ताणल्या जातात आणि किरकोळ धक्क्यानेही फुटू शकतात. रक्त हळूहळू साचत राहते आणि लक्षणे काही वेळा तीन आठवड्यांनंतर किंवा त्याहूनही उशिरा दिसू लागतात. डोकेदुखी, वाढती गुंगी, चालण्यात फरक, एका हातापायातील शक्ती कमी होणे आणि झपाट्याने वाढणारा विसर ही ती लक्षणे होत. रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे हा धोका वाढतो.

रुग्णाला पडल्याचे आठवत नाही आणि ‘आजार वाढला’ अशी घरच्यांची समजूत होते. येथेच एक बरा होण्याजोगा विकार नजरेआड होतो. सीटी स्कॅनमध्ये साचलेले रक्त दिसते आणि गरज असल्यास कवटीला लहान छिद्र पाडून ते काढता येते. त्यानंतर रुग्ण पूर्वीच्या अवस्थेला परत येण्याची शक्यता असते. स्मृतिभ्रंश साधारणतः महिन्या-वर्षांच्या गतीने वाढतो. काही दिवसांत दिसलेली घसरण ही वेगळ्या कारणाची सूचना समजावी.

तातडीने रुग्णालयात केव्हा न्यावे?

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास वाट न पाहता १०८ किंवा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा अथवा रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे :

– काही क्षणांत शिगेला पोहोचलेली अतितीव्र डोकेदुखी
– चेहरा वाकडा होणे, एका हातात वा पायात शक्ती नसणे, बोलणे अडखळणे, एकाची दोन वस्तू दिसणे, अचानक तोल जाणे
– पडल्यानंतर किंवा डोक्याला मार लागल्यानंतर उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी. रक्त पातळ करणारे औषध सुरू असल्यास लक्षणे नसतानाही तपासणी
– ताप, मान ताठरणे आणि डोकेदुखी
– शुद्ध हरपणे, झटका येणे, छातीत दुखणे, धाप लागणे
– काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ अथवा सुस्ती

पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. ‘त्या नेहमीच अशा बोलतात’, या समजुतीत हा काळ हातचा जाऊ नये म्हणून रुग्णाचे नेहमीचे बोलणे व चालणे कसे असते, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. लक्षणे सुरू झाल्याची वेळ डॉक्टरांना सांगावी.

घरी घ्यावयाची काळजी

एक साधी वही ठेवून तीत तारीख, वेळ, त्या वेळी रुग्ण काय करत होता, आधी काय खाल्ले-प्याले, कोणती औषधे घेतली, रक्तदाब, साखर आणि त्रास किती वेळ टिकला, याची नोंद करावी. आठ-दहा दिवसांच्या अशा नोंदी डॉक्टरांना रुग्णाच्या तोंडी माहितीपेक्षा अधिक सांगून जातात.

रुग्णाला एकदम उभे करू नये. आधी कुशीवर वळवावे, मग पाय खाली सोडून दोन मिनिटे बसू द्यावे, पावले हलवण्यास सांगावे आणि नंतर आधाराने उठवावे. पाणी एकदम पेलाभर देण्याऐवजी दिवसभर थोडे थोडे द्यावे. ताक, सरबत, वरणाचे पाणी, रसदार फळे यांचाही उपयोग होतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर वा मिठावर बंधन असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. स्नानगृहात आधाराचे दांडे, खुर्ची व न घसरणारी चटई असावी. शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्री मंद दिवा असावा. सैल चपला, सुटे पायपुसणे आणि लोंबणाऱ्या साडी-धोतराकडे लक्ष द्यावे. चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, कानातील मळ आणि श्रवणयंत्र यांची नियमित तपासणी करावी.

डोकेदुखीसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल हे बहुतेक ज्येष्ठांसाठी प्रथम पसंतीचे औषध ठरते. मात्र वजन कमी असलेल्या किंवा यकृताचा विकार असलेल्या रुग्णांत मात्रा कमी ठेवावी लागते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे पोटात रक्तस्राव, मूत्रपिंडावर परिणाम आणि रक्तदाबात वाढ होऊ शकते. वेदनाशामके महिन्यातील बहुतांश दिवस घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते.

मदत कोठे मिळेल?

प्रथम नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. आवश्यकतेनुसार ते वृद्धरोग, मेंदूविकार, हृदयरोग किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतात. प्रवास कठीण असलेल्या रुग्णांसाठी केंद्र सरकारच्या ‘ई-संजीवनी’ सेवेद्वारे दूरस्थ सल्ला घेता येतो. वरील तातडीच्या लक्षणांत मात्र त्यावर विसंबू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर, तर मानसिक आरोग्यविषयक ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. देखभाल करणाऱ्यांनाही तेथे आपला ताण मोकळेपणाने सांगता येतो. ७० वर्षांवरील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण २०२४ पासून लागू झाले आहे.

स्मृतिभ्रंश पूर्णपणे बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. त्याच्या आडोशाला राहिलेली डोकेदुखी किंवा चक्कर मात्र बहुतेक वेळा कमी करता येते. त्यासाठी रुग्णाच्या तक्रारीवर विश्वास ठेवणे, आणि तक्रार शब्दांत आली नाही तर ती वागण्यात शोधणे, एवढी सुरुवात कुटुंबाच्या हाती आहे.